धुक्यातली पहाटेची लोकल: नव्या मोटरमननी या चुका टाळा

डिसेंबर लागला की कर्जत आणि कसारा मार्गावर नवी मुलं त्याच चुका त्याच जागी करतात. नोकरीची शेवटची काही वर्षं मी शिकाऊ मोटरमनच्या शेजारी उभा राहून काढली, त्यामुळे हे सगळं तोंडपाठ झालं आहे. नेरळ-वांगणीच्या बाजूला उल्हास नदी, तिकडे टिटवाळा-खडवलीला काळू आणि भातसा. रात्री आभाळ निरभ्र असलं, वारा पडला आणि जमीन ओली असली की पहाटे धुकं येणारच. त्यात नवल काही नाही. तरी दरवर्षी कुणीतरी पहिल्या दिवशी 'साहेब, आज अचानक धुकं आलं' म्हणतोच.

सगळ्यांत जास्त राग येतो तो 'हा सिग्नल रोज मिळतो', म्हणजे रोज मोकळाच असतो, या वाक्याचा. राग येतो कारण एके काळी मीही तेच म्हणायचो.

मोटरमन होऊन मला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. कर्जतहून निघालेली पहाटेची अप, म्हणजे मुंबईकडे जाणारी, लोकल होती. एक यलो, म्हणजे पुढचा सिग्नल लाल असू शकतो असा इशारा देणारा पिवळा, लागला, एडब्ल्यूएस या केबिनमधल्या सावध करणाऱ्या यंत्रणेचा बझर वाजला आणि मी सवयीने बटण दाबून तो गप्प केला. तिथून पुढचा सिग्नल रोज मी पोहोचेपर्यंत सुटायचा, म्हणून फक्त हँडल शून्यावर आणलं आणि गाडी घरंगळू दिली. ब्रेकला हात लावला नाही. वेगाचा काटा पन्नासच्या जरा खाली होता. काचेपलीकडे नुसतं दूध सांडल्यासारखं दिसत होतं. मग त्या दुधात एक गुलाबी डाग उमटला आणि डोळ्यांदेखत लाल झाला. ओव्हरहेड वायरचे जेमतेम दोन खांब मध्ये असतील. ब्रेक पूर्ण टाकला. गाडी थांबली तेव्हा सिग्नलचा दिवा बघायला मला काचेला गाल लावून मान वर करावी लागली. मागून गार्डने विचारलं, 'काय झालं?' मी म्हटलं, 'सिग्नल.' तो म्हणाला, 'बरं.' पुढे कितीतरी वेळ माझा हात हँडलवर थरथरत होता. नंतर कळलं की पुढची गाडी धुक्यामुळेच रखडली होती. धुक्यात तुमचं वेळापत्रक बिघडतं तसं पुढच्याचंही बिघडतं, मग 'रोज मिळतो' या हिशोबाला काय किंमत?

तेव्हापासूनची माझी सवय सांगतो. यलो किंवा डबल यलो (त्याच्या आधीचा, दोन पिवळ्या दिव्यांचा इशारा) ओलांडला की एक हात ब्रेकवर, आणि पुढच्या सिग्नलचा रंग प्रत्यक्ष दिसेपर्यंत तो तिथून उचलायचा नाही. रंग मोठ्याने म्हणायचा. मेल गाडीत हाकारायला असिस्टंट असतो, लोकलच्या केबिनमध्ये तुम्ही एकटे, म्हणून स्वतःलाच ऐकवायचं. लोक हसले तरी चालेल. आणि एडब्ल्यूएस आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ते लाल सिग्नलला ब्रेक लावतं, पण सिग्नलपाशी पोहोचल्यावर. गाडी लाल ओलांडून गेलीच तर म्हणून सिग्नलपुढे मोकळी सोडलेली जागा, म्हणजे ओव्हरलॅप, असते 120 मीटर, आणि बारा डब्यांची लोकलच त्याच्या दुप्पट लांब.

दुसरी चूक वेगाच्या अंदाजाची. बाजूची झाडं, घरं, खांब दिसेनासे झाले की गाडी रांगते आहे असं वाटतं. ती रांगत नसते. स्टेशनवर धुकं ठरवायला 180 मीटरवरची खूण बघतात. ताशी साठने तेवढं अंतर 11 सेकंदांत संपतं. डोळ्यावर विश्वास ठेवू नका, काट्याकडे बघा.

हेडलाइट पूर्ण ठेवू नका. समोर पांढरी भिंत उभी राहते. डिम करा.

आता लाल ऑटोमॅटिक सिग्नल, म्हणजे पुढची गाडी सरकली की आपोआप बदलणारा. पाटीवर 'ए' आहे, नियम सगळ्यांना पाठ आहे: दिवसा 1 मिनिट, रात्री 2 मिनिटं थांबायचं, मग जपून पुढे. समोरचं दिसत नसेल तर ताशी 10 च्या वर जायचं नाही. धुक्यात सकाळी सहाला दिवस धरायचा की रात्र, यावर लॉबीत, म्हणजे मोटरमनच्या हजेरीच्या जागी, वाद घालणारे मी पाहिले आहेत. मी रात्र धरतो. एका मिनिटाने कुणाचं नशीब उघडत नाही.

खरी गंमत त्यानंतर होते. एकदा शेजारी एक हुशार मुलगा होता, नियमांच्या परीक्षेत पहिला आलेला. लाल ओलांडून निघालो तेव्हा काटा दहावर होता. हळूच बारावर गेला, मग पंधरावर. मी काही बोललो नाही, नुसता काट्यावर बोट ठेवलं. त्याने वेग कमी केला. जरा वेळाने पुढे लाल दिसलं. 'पुढचा सिग्नलही लाल आहे साहेब, पण अजून लांब आहे,' तो म्हणाला. मी विचारलं, 'सिग्नल एवढा खाली कधीपासून बसवायला लागले?' तो पुढच्या लोकलचा टेल लॅम्प, मागचा लाल दिवा, होता. आम्ही थांबलो तेव्हा तिच्या शेवटच्या डब्यावरचा नंबर वाचता येत होता. धुक्यात दिवा किती लांब आहे हे कळत नाही, किती उंच आहे तेवढं कळतं. ते बघा. आणखी एक: पुढचा सिग्नल लांबून यलो दिसला म्हणून लगेच वेग वाढवायचा नाही. त्या सिग्नलपाशी पोहोचेपर्यंत दहा म्हणजे दहाच. मधल्या पट्ट्यात काय उभं आहे ते तो सिग्नल सांगत नाही.

ब्रेक. दवाने नुसते ओलसर झालेले रूळ धो धो पावसातल्या रुळांपेक्षा जास्त दगा देतात. पाऊस घाण धुऊन नेतो, दव तिचा चिखल करून ठेवतं. पहिल्याच स्टेशनला नेहमीपेक्षा लवकर आणि हलका ब्रेक लावून चाकं घसरतात का ते बघून घ्या.

प्लॅटफॉर्म दिसला की घाबरून मध्येच थांबणारेही असतात. त्यांना वाटतं, पुढे जाण्यापेक्षा हे बरं. पण गाडी थांबली म्हणजे स्टेशन आलं, असं समजून मागच्या डब्यांतली माणसं उघड्या दारातून उतरतात, आणि खाली प्लॅटफॉर्म नसून खडी असते. थांबायचं ते किती डब्यांची गाडी कुठे उभी करायची हे सांगणाऱ्या पाटीलाच. प्लॅटफॉर्मची कड धरून सरकत जा.

शिट्टीत कंजुषी नको. थंडीत रूळ आकसून तडकतात म्हणून ट्रॅकमन पहाटेच गस्तीला असतात. शेजारच्या लाइनीवर गाडीचा आवाज आला की माणूस बाजूला सरकतो, तो नेमका तुमच्या लाइनीवर.

बाजूची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. गारठा लागेल, लागू दे. काच आतून धुरकट होत नाही, आणि पुलाचा पोकळ आवाज, फाटकाची घंटा, प्लॅटफॉर्मच्या भिंतीवरून परतणारा खडखडाट ऐकू येतो. मार्ग नुसता डोळ्यांनी शिकलेल्यांची धुक्यात पंचाईत होते. मी शिकाऊंना स्वच्छ दिवशीच विचारायचो, 'डोळे मिटून सांग, आता कुठे आहोत?' अर्थात डोळे त्याने मिटायचे ते गाडी मी चालवत असताना.

उशीर भरून काढण्याबद्दल मला बोलायचंच नाही. बदलापूरला धुकं विरळ झालं की काहींच्या हाताला खाज सुटते, आणि पुढच्या वळणावर परत पांढरा पट्टा उभा असतो. सूर्य उगवल्यावर तर धुकं थोडा वेळ आणखी दाट होतं, सुटलो असं वाटतं त्याच वेळी. कल्याणला कुणीतरी केबिनच्या खिडकीशी येऊन 'झोपला होतात का?' विचारेल. विचारू दे. तेवढ्या वेळात बाहेरून काच पुसून घ्या. माझ्या पिशवीत त्यासाठी जुन्या सुती बनियनचा तुकडा असायचा. वर्तमानपत्राने पुसू नका, ओलं झालं की लगदा होतो.