माझा अनुभव: बॅकअपची फाईल होती, आत काहीच नव्हतं

सदाशिव पेठेतल्या एका वाचनालयाच्या सभासदांची नोंद मी मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये ठेवतो. आधी चालू सर्व्हरचं डेटा फोल्डरच कॉपी करायचो. ते चुकीचं. मध्येच कुणी पुस्तक नोंदवलं की प्रत बिघडू शकते.

मग मायएसक्यूएलडम्प, म्हणजे डेटाबेसची प्रत काढून देणारी कमांड, शिकलो. सिंगल-ट्रान्झॅक्शन हा पर्याय दिला की इनोडीबी (मायएसक्यूएलचा नेहमीचा साठवण-प्रकार) टेबलांची एकाच क्षणाची प्रत मिळते, काम थांबवावं लागत नाही. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारी सोय) रात्री 2 ची वेळ लावली. रोज सकाळी नवी फाईल दिसायची, मी निश्चिंत.

3 आठवड्यांनी सहज आकार पाहिला: 0 बाइट! पोटात गोळाच आला. आउटपुट फाईलमध्ये वळवताना शेल (आपण दिलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) आधी रिकामी फाईल बनवतं, मग कमांड चालवतं. हाताने चालवताना मी पासवर्ड टाइप करायचो. क्रॉनला तो मिळतच नव्हता. कमांड बंद पडायची, फाईल मात्र राहायची. पासवर्ड फक्त मला वाचता येईल अशा कॉन्फिग फाईलमध्ये ठेवला आणि सुटलो.

आता फाईलच्या शेवटी 'डम्प कम्प्लीटेड' ही ओळ आहे का, ते स्क्रिप्ट बघते. दर रविवारी ती फाईल घरच्या लॅपटॉपवर वेगळ्या डेटाबेसमध्ये चढवून सभासद मोजतो. एक प्रत पेनड्राइव्हवर कोथरूडला ताईकडे असते.