बुट्टी, ग्राउंड आणि चित्रकाराची वही

जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून नुकतीच बाहेर पडलेली आणि चित्रांबरोबर कलाविचारही लिहू पाहणारी मुले भेटली, की मी त्यांना चित्रकार प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांच्या चित्रांपूर्वी त्यांच्या नोकरीविषयी सांगतो. जे. जे.तील शिक्षणानंतर बरवे हातमाग विणकरांसाठीच्या सरकारी विणकर सेवा केंद्रात रुजू झाले. साठच्या दशकाच्या पूर्वार्धात ते वाराणसीच्या केंद्रात होते, तेथे तंत्रमार्गातील प्रतिमांशी त्यांचा परिचय झाला, आणि मुंबईत परतल्यावरही ही नोकरी बरीच वर्षे चालू राहिली. नोकरीने कला खाल्ली, हे आपले नेहमीचे रडगाणे त्यांच्यापुढे टिकत नाही.

मला हे उशिरा कळले. काळबादेवीतल्या एका छपाईच्या स्टुडिओत मी सहा वर्षे साड्यांची डिझाइने काढली. बुट्टी, म्हणजे कापडावरची छोटी नक्षी, काढणे सोपे असते; दोन बुट्ट्यांमधला ग्राउंड, म्हणजे मोकळी पार्श्वभूमी, सांभाळणे अवघड, कारण रिपीट, म्हणजे पुन्हापुन्हा छापला जाणारा नक्षीचा तुकडा, जुळवताना मोकळी जागा जराशी चुकली तरी सबंध कापडावर नको असलेला पट्टा उमटून दिसतो. त्या दिवसांत बरव्यांचे ‘कोरा कॅनव्हास’ (१९९०) हाती आले आणि चित्रातल्या अवकाशाविषयीचे त्यांचे विवेचन एकदम ओळखीचे वाटले. त्यांच्या चित्रांत पान, घड्याळ यांसारख्या साध्या वस्तू विस्तीर्ण मोकळ्या जागेत अंतर राखून असतात, आणि ती जागा उरलेली नसून योजलेली असते. रंगसुद्धा पुष्कळदा एनॅमल, म्हणजे आपण दारे-खिडक्यांना लावतो तोच. २०१९ साली मुंबईच्या नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्यांच्या चित्रांबरोबर डायऱ्याही मांडल्या होत्या. मी चित्रांपेक्षा डायऱ्यांपुढेच अधिक रेंगाळलो.

कलाविचारासाठी कवी बा. सी. मर्ढेकरांचा संवाद, विरोध आणि समतोल यांवर उभा असलेला लयविचार आणि रा. भा. पाटणकरांची ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) जरूर वाचा, पण स्वतःची एखादी वही भरल्यानंतर. मी उलटा क्रम धरला. माझ्या पहिल्या लेखाच्या नऊ पानांपैकी रिपीटविषयीचे दीड पान ठेवून संपादकांनी बाकीची पाने परत पाठवली, तेव्हा संताप आला होता. आज ती साडेसात पाने मलाही वाचवत नाहीत.

जहांगीर आर्ट गॅलरीत जाल तेव्हा कॅटलॉग पिशवीत ठेवून एकाच चित्रासमोर अर्धा तास थांबा आणि दिसते तेवढेच टिपून घ्या: कोणता आकार कोणाला रेटतो, रंग कोठे दाट आहे, नजर कोठे अडते. ‘भावले’ हा शब्द पहिले वर्षभर वर्ज्य समजा.

लेखाच्या मानधनात रंगांच्या ट्यूबाही येत नाहीत, तेव्हा नोकरी सोडण्याची घाई करू नका. सकाळची लोकल पकडण्याआधीचा अर्धा तास मात्र वहीसाठी राखून ठेवा. संध्याकाळी गर्दीतून घरी परतल्यावर पेनाचे टोपण काढण्याचेही त्राण उरत नाही.