टीव्ही गेमच्या जुन्या कंट्रोलरची अडलेली बटणं

नव्वदच्या दशकातल्या कॅसेटवाल्या टीव्ही गेमचा कंट्रोलर माळ्यावरून काढला. उजवा बाण चालतच नव्हता, आणि ए बटण अंगठा दुखेपर्यंत दाबावं लागे. बाकी बटणं ठणठणीत.

अर्धं निदान इथेच होतं. या कंट्रोलरमध्ये आठही बटणांची स्थिती एक शिफ्ट रजिस्टर चिप एकाच डेटा वायरमधून ओळीने पाठवते. ती वायर तुटली की सगळीच बटणं बंद पडतात. एखाददुसरंच अडलं असेल, तर आधी त्या बटणाखाली बघायचं.

मागचे स्क्रू काढले. बटण दाबलं की रबरी पॅडची काळी गोळी बोर्डाला टेकून वीज जोडते; त्या गोळ्यांवर चिकट थर साचला होता. इअरबड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओला करून गोळ्या आणि बोर्डावरचे कार्बनचे पट्टे हलक्या हाताने पुसले. त्या पट्ट्यांवर सँडपेपर मुळीच घासू नका, थर खरवडला गेला की बोर्डच गेला. कव्हर आणि बटणं साबणाच्या कोमट पाण्यात टूथब्रशने धुऊन पूर्ण वाळवली.

उजवा बाण लगेच चालू झाला. ए मात्र हटेना. मल्टीमीटर लावला, तर त्या गोळीचा रोध (विजेला होणारा अडथळा) शेजारच्या गोळीपेक्षा कितीतरी जास्त. मऊ पेन्सिलचं शिसं घासूनही काम चालतं, पण ते लवकर झिजतं. म्हणून वीजवाहक कार्बन पेंटचा पातळ थर दिला आणि रात्रभर वाळू दिला. आता हलक्या स्पर्शानेही उडी लागते!

जोडताना केबल खोबणीत नीट बसवा आणि स्क्रू हातानेच आवळा; जुनं प्लास्टिक पटकन तडकतं.