घोड्यांचे आयव्हीएफ : किनारपट्टीच्या हवेत प्रयोगशाळेतील संवर्धनाची स्थिती कशी सांभाळावी

गायी-म्हशींच्या आयव्हीएफमध्ये, म्हणजे अंडपेशी व शुक्राणू यांचे शरीराबाहेर फलन करण्याच्या कामात, हात बसलेला माणूस घोड्याच्या कामाकडे वळतो, तेव्हा गायीची कृती जशीच्या तशी घोडीला लावून पाहण्याची चूक तो बहुधा करतोच. वळूचे शुक्राणू हेपॅरिनच्या साहाय्याने काही तासांत फलनक्षम होतात. घोड्याच्या शुक्राणूंवर हेपॅरिनची मात्रा चालत नाही. आयव्हीएफमधून पहिले शिंगरू १९९० मध्ये फ्रान्समध्ये जन्मले, तरी पुढची सुमारे ३० वर्षे ही पद्धत भरवशाची झाली नाही, आणि प्रयोगशाळा एकेक शुक्राणू सुईने अंडपेशीत सोडण्याच्या, म्हणजे इक्सीच्या, मार्गाने गेल्या. २०२२ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी शुक्राणूंना अंडपेशींजवळ नेण्याआधी २२ तास विशिष्ट माध्यमात, म्हणजे पोषक द्रावणात, ठेवले आणि ही अडचण दूर केली. सुमारे ९० टक्के अंडपेशी फळल्या, आणि रोपण केलेल्या तिन्ही भ्रूणांपासून शिंगरे जन्मली. म्हणून माझे सांगणे असे की घोड्याच्या आयव्हीएफमध्ये सर्वाधिक लक्ष या संथ तासांना द्यावे, आणि त्या काळात प्रयोगशाळेची हवा, उष्णता व प्रकाश तसूभरही ढळू देऊ नये. गोव्यासारख्या दमट प्रदेशात हे कसे साधावे, याची ही मांडणी आहे.

गोव्यात घोडे मोजकेच आहेत, त्यामुळे अंडपेशी बहुतेक वेळा घाटापलीकडून येणार, हे धरूनच आखणी करावी. अंडपेशी काढण्याचे काम पशुवैद्यकानेच, अल्ट्रासाउंडच्या आधाराने, योनिमार्गे करावयाचे असते. संशोधन म्हणून ते होत असेल तर प्राणी नैतिकता समितीची मान्यता आधी घ्यावी. घोडीच्या अंडपेशीभोवतीच्या क्युम्युलस पेशी पुटकाच्या, म्हणजे अंडाशयातल्या द्रवभरल्या पिशवीच्या, भिंतीला घट्ट चिकटलेल्या असतात, म्हणून नुसते शोषून भागत नाही. पुटक पुन्हा पुन्हा धुवावे लागते आणि सुईने भिंत हलकेच खरवडावी लागते.

मिळालेल्या अंडपेशी रात्रभर ‘रूम टेम्परेचर’ला ठेवता येतात, असे परदेशी कृतीत वाचावयास मिळते, आणि येथेच आपली फसगत होते. त्या कृतीतले तापमान सुमारे २० ते २२ अंश सेल्सिअस असते. एप्रिल-मे महिन्यांत पणजीतली खोली ३० अंशांच्या वर जाते, आणि वातानुकूलित खोलीतली कुपीही गाडीत ठेवताच तापते. अशा उष्णतेत अंडपेशी धड विसावत नाही आणि धड पक्वही होत नाही. त्यामुळे काठोकाठ भरून झाकण घट्ट लावलेल्या कुप्या तापमान-नियंत्रित पेटीत ठेवाव्यात, आणि पेटीत तापमानाची नोंद ठेवणारे छोटे यंत्र अवश्य टाकावे. बर्फाच्या पिशव्या कुप्यांना थेट टेकवू नयेत. थंडीनेही अंडपेशीची हानी होते.

अंडपेशी फलनासाठी पक्व व्हाव्यात म्हणून एम-१९९ माध्यमात १० टक्के सीरम आणि एफएसएच (पुटके वाढवणारे संप्रेरक) घालून ३८.२ अंश तापमान व ५ ते ६ टक्के कार्बन डायऑक्साइड ठेवण्याचा प्रघात आहे. क्युम्युलस विस्कटलेल्या अंडपेशी साधारण २४ तासांत तयार होतात, तर दाट क्युम्युलसच्या अंडपेशींना ३० तासांपर्यंत वेळ लागतो. इक्सीसाठी त्या सोलून काढतात. आयव्हीएफमध्ये मात्र क्युम्युलस तशीच राहू द्यावी.

शुक्राणूंसाठी फर्ट-टाल्प माध्यमात पेनिसिलामाइन, हायपोटॉरिन आणि एपिनेफ्रिन ही त्रयी मिसळतात. ती नसेल तर २२ तासांच्या पूर्वतयारीत शुक्राणू थकून मरतात. घोड्याचा शुक्राणू ऊर्जेसाठी मुख्यतः ऑक्सिजनावर अवलंबून असतो, आणि त्यातून निर्माण होणारे ऑक्सिडीकारक रेणू त्याचेच कवच पोखरतात. एपिनेफ्रिन प्रकाशाने व हवेने बिघडते, म्हणून तिन्हींचे द्रावण लहान-लहान भागांत गोठवावे, नळ्या फॉइलमध्ये गुंडाळाव्यात आणि एकदा वितळलेला भाग पुन्हा गोठवू नये. गुलाबी झालेले द्रावण, ते कितीही महागाचे असले तरी, ओतून द्यावे. पूर्वतयारी सुरू करताना आणि ती संपताना शुक्राणूंची हालचाल तपासून नोंदवावी, कारण हाच आकडा पुढे अपयशाचे मूळ दाखवतो. २२ तासांची ही मुदत ताज्या वीर्यासाठीची आहे. गोठवलेल्या वीर्याचे शुक्राणू तेवढा काळ तग धरत नाहीत, म्हणून त्यांची मुदत प्रत्येक घोड्याच्या वीर्यावर स्वतंत्र चाचणी घेऊन ठरवावी.

आता वायूंकडे वळू. माध्यमाचा सामू बायकार्बोनेट आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या समतोलावर ठरतो, आणि हा समतोल टक्केवारीवर नव्हे तर वायूच्या प्रत्यक्ष दाबावर चालतो. गोव्याची किनारपट्टी समुद्रसपाटीला असल्याने बहुतेक कृतींतील आकडे येथे जवळजवळ तसेच लागू पडतात. तीच कृती बेळगावला नेल्यास उंचीमुळे टक्केवारी थोडी वाढवावी लागेल. तरीही यंत्राच्या पडद्यावर विसंबू नये. माध्यम रात्रभर इन्क्युबेटरमध्ये ठेवल्यावर रक्तवायू-विश्लेषकाने त्याचा सामू मोजावा आणि तो ७.२ ते ७.४ या दरम्यान येईपर्यंत वायू जुळवावा. तापमानाचेही तसेच: पडदा ३८.२ दाखवत असताना तेलाखालचा माध्यमाचा थेंब, ज्यात भ्रूण वाढते, त्याहून थंड असू शकतो, म्हणून बारीक संवेदक थेंबातच बुडवून पाहावा.

फलनानंतर भ्रूणांना ऑक्सिजन कमी लागतो: ५ टक्के ऑक्सिजन, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि उरलेला नायट्रोजन. मोठ्या कपाटापेक्षा लहान कप्प्यांचा इन्क्युबेटर येथे बरा, कारण एक कप्पा उघडला तरी बाकीचे भ्रूण शांत राहतात. थेंब लहान ठेवावेत, त्यांवर आधीच समतोल साधलेल्या खनिज तेलाचा थर द्यावा, आणि तेलाची बाटली उन्हापासून दूर ठेवावी. तापलेल्या तेलात पेरॉक्साइड तयार होतात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत.

पावसाळ्यात दोन गोष्टी छळतात. पहिली बुरशी: आर्द्रतेसाठी ठेवलेल्या पाण्याच्या ट्रेमध्ये ती आधी धरते, म्हणून निर्जंतुक पाणी दर आठवड्याला बदलावे आणि पुठ्ठ्याची खोकी आत आणूच नयेत. दुसरी वीज: इन्क्युबेटर यूपीएसवर असावा, आणि जनरेटरचा धूर खोलीच्या हवेच्या वाटेवर येणार नाही अशा जागी तो बसवावा. यात मी रंगकामाचीही भर घालतो. एकदा चवथीच्या आधी शेजारच्या खोलीला ताजा रंग दिला गेला आणि त्या खेपेचे आमचे सगळे भ्रूण आठ पेशींच्या पुढे सरकले नाहीत. रंगाच्या वाफा तेलात विरघळून भ्रूणापर्यंत पोहोचू शकतात. त्याच कारणाने खोलीत उदबत्ती, कापूर, अत्तर किंवा डासांची कॉइल नको.

संवर्धनाच्या माध्यमात घोड्याचे भ्रूण गायीच्या भ्रूणापासून पुन्हा वेगळे पडते. गायीच्या भ्रूणाला सुरुवातीला जास्त ग्लुकोज मानवत नाही. घोड्याच्या भ्रूणासाठी मात्र डीएमईएम-एफ१२ हे साखरेने समृद्ध माध्यम १० टक्के सीरमसह यशस्वीपणे वापरले जाते, किंवा आरंभी मानवी भ्रूणांचे माध्यम देऊन पाचव्या दिवसापासून ग्लुकोज वाढवले जाते. ग्लुटामिन स्थिर स्वरूपातले घ्यावे, कारण साधे ग्लुटामिन उष्णतेत मोडून अमोनिया सोडते. नव्या घाण्यातले प्रत्येक माध्यम आणि तेल आधी शुक्राणूंच्या जगण्याच्या चाचणीतून काढावे. आठवडाभराच्या कामापेक्षा ही चाचणी स्वस्त पडते.

ब्लास्टोसिस्ट, म्हणजे रोपणयोग्य अवस्थेतले भ्रूण, सातव्या ते दहाव्या दिवसादरम्यान दिसतात, म्हणून सातव्या दिवशी निराश होऊन पेट्री डिश फेकू नये. गायीसारखी मोठी पोकळी शोधू नये. बाहेरच्या पेशींचा सलग, नीटस थर झोनाच्या, म्हणजे भ्रूणाच्या बाह्य आवरणाच्या, आत मांडला गेला की भ्रूण तयार समजावे. प्रयोगशाळेत वाढलेले हे भ्रूण लहान असते आणि गर्भाशयातल्या भ्रूणाभोवती तयार होणारे कवच त्याला नीट आलेले नसते, त्यामुळे ते गोठवणीत चांगले टिकते. गोव्यात ग्रहणकर्त्या, म्हणजे भ्रूण पोटात वाढवणाऱ्या, घोड्या त्याच दिवशी हाताशी असण्याची शक्यता कमी, तेव्हा भ्रूण व्हिट्रिफिकेशनने, म्हणजे बर्फाचे स्फटिक होऊ न देता अतिवेगाने, गोठवून द्रव नायट्रोजनात ठेवावे आणि घाटापलीकडच्या घोडीचे चक्र जुळले की मगच पाठवावे.