जपानी शिकताना 'आधी पक्कं, मग बोलू' ही चूक टाळा

पुण्यात मी बरीच वर्षं जपानी शिकवते. क्लास मध्येच सोडून गेलेल्या मुलांमध्ये आळशी थोडीच होती. बहुतेक हुशार, नीटनेटकी, एक चूक झाली की दिवसभर मनाला लावून घेणारी.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे प्रत्ययाची खात्री होईपर्यंत तोंडच न उघडणं. माझी एक विद्यार्थिनी जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन४ पातळी पास होऊन चाकणच्या कारखान्यात लागली. तिथे जपानहून आलेल्या इंजिनिअरने विचारलं, "कोनो किकाई वा इत्सु तोमारिमाशिता का?" म्हणजे हे मशीन कधी बंद पडलं? काल तीन वाजता, हे तिला ठाऊक होतं. पण 'किनोऊ' म्हणजे 'काल', त्याला 'नि' हा प्रत्यय लागतो की नाही, यावर ती अडकली. (लागत नाही. 'सान्जी' म्हणजे तीन वाजता, त्याला लागतो.) ती मनात वाक्य जुळवत राहिली आणि शेजारच्याने तीन बोटं दाखवून, तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगूनही टाकलं. संध्याकाळी फोनवर ती रडत होती. नुसतं 'किनोऊ, सान्जी' म्हणाली असती तरी भागलं असतं. मराठी नव्याने शिकणारा कुणी 'कालला तीन' म्हणाला, तर आपल्याला कळतंच ना?

तेव्हापासून माझ्या वर्गात पहिली दहा मिनिटं वह्या बंद. काल काय केलं ते प्रत्येकाने तीन वाक्यांत सांगायचं. मी मध्ये टोकत नाही. शेवटी एकच चूक सांगते, तीही अर्थ बदलणारी असेल तर. 'ओबासान' म्हणजे मावशी किंवा आत्या, 'ओबाआसान' म्हणजे आजी. तिथे स्वर ओढायलाच हवा. 'वा' आणि 'गा' या प्रत्ययांचा घोळ मात्र वर्षभर चालला तरी मला चालतो.

कांजीचे, म्हणजे जपानीत वापरल्या जाणाऱ्या चिनी अक्षरांचे, सगळे उच्चार एकदम पाठ करायला बसू नका. 'जन्म' या अर्थाची एकच कांजी 'सेन्सेई'त (शिक्षक) 'सेई' होते, 'तान्जोऊबी'त (वाढदिवस) 'जोऊ', 'उमारेरु'त (जन्मणे) 'उ', आणि कच्चं म्हणायचं तर 'नामा'. जोयो, म्हणजे रोजच्या वापरासाठी ठरवलेल्या, कांजी २,१३६ आहेत. प्रत्येकीची अशी यादी घोकणारी मुलं पन्नास कांजींच्या आतच थकतात. शब्द शिका, उच्चार त्याच्याबरोबर येतो.

'अजून तयारी नाही' म्हणत जुलैची परीक्षा डिसेंबरवर ढकलू नका. एन५ला, म्हणजे सगळ्यात सोप्या पातळीला, १८० पैकी ८० गुण लागतात, शिवाय भागवार किमान गुण. शंभर टक्के कुणी मागितलेलेच नाहीत.

याचा अर्थ घाई करा असा नाही. हिरागाना या जपानीच्या मूळ लिपीला फाटा देऊन सगळं देवनागरीत उतरवून घेणाऱ्यांना मी पुढचा धडा देत नाही. मूळ अक्षरं ४६ आहेत, पंधरा दिवस द्या.

आणि पेनने लिहा. 'आ' सुबक यावा म्हणून खोडून खोडून कागद फाटलेल्या वह्या मी पाहिल्या आहेत. चुकलं तर एक आडवी रेघ मारा, शेजारी तारीख टाका आणि पुढे चला. महिन्याच्या शेवटी मी त्या रेघा बघते. तीच चूक तीनदा दिसली, तरच पुन्हा शिकवायला घेते.