मागचा टायर घरीच बदलताय? मग या चुका टाळा

गेल्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या भावानं अंगणात बसून १०० सीसी गाडीचा मागचा टायर बदलला. टायर बसला, हवा भरली आणि पाच मिनिटांत चाक पुन्हा खाली बसलं. टायर नवा, ट्यूबही नवी. ट्यूब काढून बादलीत बुडवली तर वॉलपासून, म्हणजे हवा भरायच्या नळीपासून, वीतभर अंतरावर चीर सापडली. टॉमीनं, म्हणजे टायर उचकटायच्या लोखंडी पट्टीनं, ट्यूब चिमटली होती. घरी टायर बदलणाऱ्यांच्या बहुतेक ट्यूबा अशाच फुटतात, आणि त्याचं कारण एकच असतं: शेवटच्या टप्प्यावर लावलेला जोर.

टायरच्या कडेत पोलादी तार असते आणि ती ताणत नाही. तुम्ही टॉमीवर कितीही लटकलात तरी कड मोठी होणार नाही. रिमच्या मधोमध खोलगट भाग असतो. टायरची एक बाजू त्या खोलगटात उतरवली तरच समोरच्या बाजूला सैलपणा मिळतो. म्हणून कड चढवायला वॉलच्या समोरून सुरुवात करा आणि वॉलपाशी संपवा. वॉलजवळ ट्यूबचा जाड भाग मध्ये येतो, तिथं कड खाली उतरत नाही. उलट क्रमानं गेलात की शेवटची वीतभर कड हटून बसते आणि मग माणूस टॉमी खोल खुपसतो. तिथंच ट्यूब जाते. जोर लागायला लागला की टॉमी सोडा, समोरच्या बाजूवर गुडघा ठेवून कड खाली दाबा. एका वेळी दोन-तीन बोटं एवढीच कड घ्या.

ट्यूब आत घालण्याआधी तिच्यात थोडी हवा भरा, नुसता आकार येईल इतकीच. कडेला साबणाचं पाणी लावा. ऑइल किंवा ग्रीस लावू नका, त्यानं रबर खराब होतं. कड पूर्ण चढली की वॉल एकदा आत दाबून पाहा. ट्यूब कडेखाली अडकली असेल तर ती तेवढ्यात सुटते. वॉलचा नट हवा भरून होईपर्यंत घट्ट करू नका.

खाली जुनी सोलापुरी चादर चौघडी करून अंथरा, नाहीतर रिमला ओरखडे पडतात. मागं डिस्क असेल तर चाक डिस्कवर कधीच आडवं ठेवू नका. जुन्या टायरवर ठेवलेलं बरं.

तारांचं चाक असेल तर आतली रबरी पट्टी बघा. ती सरकलेली असली की तारेचं टोक ट्यूबला टोचतं. जुनाच टायर परत घालणार असाल तर आतून कापड फिरवा, उघडं बोट नको. आपल्याकडच्या वेड्या बाभळीचा काटा टायरमध्ये मोडून राहतो, बाहेरून दिसत नाही आणि नवी ट्यूब दुसऱ्या दिवशी पुन्हा पंक्चर. नव्या टायरवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेनं आहे ना, तेही आधी पाहा. बाजूवर चार आकडे छापलेले असतात. २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३वा आठवडा. दुकानातच वाचून घ्या.

चाक काढताना अनेकजण चेनच्या बाजूचा मोठा नटही सोडतात. बऱ्याच १०० सीसी गाड्यांत तो नट स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, धरून ठेवतो. एक्सलचा, म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्याचा, लहान नट सोडून एक्सल ओढला की चाक निघतं आणि चेन जागच्या जागी राहते. निघालेले बुश आणि वॉशर ज्या बाजूचे त्या बाजूला, काढले त्याच क्रमानं मांडून ठेवा.

आता ज्या चुकीची मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती सांगतो. ड्रम ब्रेकच्या प्लेटला स्विंगआर्मशी (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याशी) बांधणारी एक लोखंडी पट्टी असते. ती जोडायची विसरली किंवा तिचा नट ढिला राहिला, तर ब्रेक दाबताच प्लेट चाकाबरोबर फिरते आणि चाक जाम होऊ शकतं. भर रस्त्यात मागचं चाक जाम झालं तर गाडी हातात राहत नाही. पट्टीचा नट आवळा, स्प्लिट पिन (नट सुटू न देणारी दुमडती पिन) असेल तर नवी घाला. शेजारच्या कुणाला तरी परत तपासायला लावा.

चेन ताणताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवा. सर्वसाधारण २० ते ३० मिलिमीटर ढिलाई चालते, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात मिळेल. फार घट्ट चेन बेअरिंग खाते. ब्रेकचा नटही पुन्हा जुळवावा लागतो. पायानं पेडल दाबून पाहिल्याशिवाय किक मारू नका.

ट्यूबलेस टायर मात्र मी घरी बसवत नाही आणि तुम्हालाही सांगणार नाही. कड रिमला चिकटायला एकदम भरपूर हवा लागते, ती पायपंपानं मिळत नाही. चाक काढून दुकानात न्या. पेट्रोल पेटवून टायर बसवण्याचे व्हिडिओ पाहून तसलं काही करू नका, हात जातो.

हवा सकाळी, गाडी थंड असताना मोजा. विजापूर रोडनं भर दुपारी फिरून आल्यावर आकडा जास्त दिसतो, म्हणून हवा सोडली तर दुसऱ्या सकाळी ती कमी पडते. भरल्यावर टायरच्या कडेची बारीक रेष रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. नसेल तर हवा सोडा, साबण लावा, परत भरा.

नवा टायर पहिले शे-दीडशे किलोमीटर घसरतो, वळणावर गाडी फार वाकवू नका. लगेच तुळजापूर गाठायला निघू नका. आधी गल्लीत फिरा, ब्रेक दाबून बघा, आणि ५० किलोमीटर झाले की एक्सलचा नट आणि चेन पुन्हा तपासा.