लहान डेस्कटॉप प्रोग्रामची माहिती कशात साठवावी

रावेर-यावल भागातील एखाद्या केळी व्यापाऱ्यासाठी, म्हणजे शेतकऱ्यांची नावे, वजनाच्या पावत्या, त्या दिवसाचा भाव आणि दिलेली उचल एवढेच सांभाळणारा, एका संगणकावर चालणारा प्रोग्राम लिहायचा असेल, तर सर्वांत आधी माहितीच्या साठवणीचा निर्णय घ्यावा. पडद्यावरची मांडणी पुढे केव्हाही बदलता येते. साठवणीची पद्धत बदलायची वेळ येते तेव्हा मात्र तिच्यात दोन हंगामांचा हिशेब अडकलेला असतो. म्हणून कोडची पहिली ओळ लिहिण्यापूर्वी तीन गोष्टी ठरवाव्यात: एका वेळी किती जण नोंद करणार, नोंदी एकमेकींशी जोडलेल्या आहेत का, आणि नोंद चालू असताना वीज गेली तर काय व्हायला हवे. शेवटचा प्रश्न मी सर्वांत महत्त्वाचा मानतो, कारण गावोगावच्या दुकानांत संगणकाला इन्व्हर्टर असेलच असे नाही.

दुकानाचे नाव, पावतीचा मथळा, प्रिंटरची निवड अशा मोजक्या सेटिंगसाठी साधी जेसन फाइल, म्हणजे नाव आणि मूल्य अशा जोड्यांत लिहिलेली मजकूर-फाइल, पुरेशी आहे. ती नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते, दुरुस्तही करता येते. मात्र एक शब्द बदलला तरी सामान्यतः ती संपूर्ण पुन्हा लिहावी लागते आणि त्या क्षणी वीज गेली तर अर्धवट फाइल उरते. यावर उपाय असा की, नवा मजकूर आधी त्याच फोल्डरमधील तात्पुरत्या फाइलमध्ये पूर्ण लिहावा, तो डिस्कवर उतरल्याची खात्री करावी आणि मगच ती फाइल जुन्या फाइलच्या जागी आणावी. सीएसव्ही, म्हणजे रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली मजकूर-फाइल, मुख्य साठवण म्हणून वापरू नये. तिचा उपयोग हिशेबनिसाला यादी देण्यापुरता ठेवावा. एक्सेलमध्ये ती थेट उघडल्यास खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्ये गळतात, आणि यूटीएफ-8 या युनिकोड पद्धतीत लिहिलेल्या फाइलच्या आरंभी ती पद्धत ओळखू देणारी बीओएम ही खूण नसेल तर देवनागरी अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे दिसू शकतात.

पावत्यांसाठी माझी निःसंदिग्ध शिफारस एसक्यूलाइटची आहे. रिचर्ड हिप यांनी 2000 मध्ये सुरू केलेला हा डेटाबेस सार्वजनिक मालकीचा आहे, त्याला वेगळा सर्व्हर लागत नाही, सर्व माहिती एकाच फाइलमध्ये राहते आणि पायथन या प्रोग्रामिंग भाषेसोबत तो आयताच मिळतो. त्याचा खरा गुण व्यवहार अखंड ठेवण्यात आहे. पावतीची नोंद करणे आणि शेतकऱ्याच्या खात्यातून उचल वजा करणे ही दोन कामे एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बांधली, तर एकतर दोन्ही होतात किंवा एकही होत नाही. बदल करण्यापूर्वी डेटाबेस फाइलमधील जुनी पाने, म्हणजे माहितीचे ठोकळे, शेजारच्या जर्नल फाइलमध्ये लिहून ठेवली जातात आणि वीज गेली तर पुढच्या वेळी डेटाबेस उघडताना त्यांवरून पूर्वस्थिती आणली जाते. म्हणूनच डेटाबेसशेजारी दिसणारी जर्नल किंवा ‘वाल’ (जर्नलऐवजी वापरली जाणारी, बदलांची नोंद ठेवणारी) फाइल कचरा समजून कधीही पुसू नये.

तक्ते तयार करताना रक्कम पूर्णांकात, पैशांत ठेवावी. एसक्यूलाइटमध्ये अचूक दशांश संख्येसाठी स्वतंत्र प्रकार नाही, आणि संगणक वापरतो त्या द्विमान (फक्त 0 आणि 1 यांच्या) अपूर्णांकांत 0.1 देखील नेमका मावत नाही. समजा 18 क्विंटल 45 किलो माल 1,150 रुपये क्विंटलने घेतला, तर वजन 1845 किलो आणि रक्कम 2121750 पैसे अशी साठवावी व 21,217.50 रुपये हे रूप फक्त पडद्यावर आणि पावतीवर दाखवावे. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहावी, म्हणजे ती आपोआप क्रमाने लागते. शेतकरी आणि पावती यांचा संबंध तपासणारी ‘फॉरिन की’ची सोय सहसा बंदच असते, ती प्रत्येक जोडणी उघडताना चालू करावी लागते, हे विसरले तर यादीतून काढलेल्या शेतकऱ्याच्या पावत्या बेवारस राहतात.

मराठी नावांसाठी आणखी काळजी घ्यावी. एसक्यूलाइट नेहमीच्या पद्धतीत अक्षरे युनिकोड क्रमाने लावतो आणि त्या क्रमात ‘ळ’ हे ‘ल’च्या लगेच पुढे येते, त्यामुळे ‘काळे’ हे ‘काशीद’च्या आधी छापले जाते, आपल्या वर्णमालेप्रमाणे ते नंतर यायला हवे. क्रम ठरवणारे स्वतःचे फंक्शन नोंदवून हे सुधारता येते. तसेच ‘पाचोऱ्याजवळ’ या शब्दातील ‘ऱ’ दोन वेगळ्या सांकेतिक रूपांत टाइप होऊ शकतो आणि मग पत्ता डोळ्यांना सारखा दिसूनही शोधात सापडत नाही. म्हणून मजकूर साठवण्यापूर्वी आणि शोधण्यापूर्वीही एनएफसी या युनिकोडने ठरवलेल्या एकाच प्रमाण रूपात आणावा.

काटा आणि गल्ला अशा दोन ठिकाणी दोन संगणक ठेवायचे असतील, तर एसक्यूलाइटची फाइल सामायिक फोल्डरमध्ये ठेवून दोन्हीकडून उघडण्याचा मोह टाळावा. नेटवर्कवरील फाइल-कुलुपे अनेकदा विश्वासार्ह नसतात आणि त्यातून डेटाबेस बिघडू शकतो. अशा वेळी पोस्टग्रेएसक्यूएल किंवा मारियाडीबी असा सर्व्हरवर चालणारा डेटाबेस एका संगणकावर बसवावा आणि दोन्हीकडून त्याला जोडावे. देखभालीचा भार वाढतो, पण तो येथे योग्य आहे.

विंडोजवर डेटाबेस ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये ठेवू नये, तेथे सामान्य वापरकर्त्याला लिहिण्याची परवानगी नसते, वापरकर्त्याच्या स्वतःच्या ‘ॲपडेटा’ फोल्डरमध्ये ठेवावा. ‘युझर व्हर्जन’ या अंगभूत क्रमांकात तक्त्यांच्या रचनेची आवृत्ती नोंदवावी, म्हणजे पुढच्या हंगामात नवा रकाना जोडताना प्रोग्रामला जुनी फाइल ओळखता येईल. प्रोग्राम चालू असताना फाइल नुसती कॉपी केल्यास प्रत अर्धवट निघू शकते, म्हणून बॅकअपसाठी एसक्यूलाइटची स्वतःची बॅकअप सोय किंवा ‘व्हॅक्यूम इन्टू’ ही नव्या फाइलमध्ये पूर्ण प्रत काढणारी आज्ञा वापरावी. रोज दुकान बंद करताना तारखेच्या नावाने एक प्रत पेनड्राइव्हवर जाईल अशी व्यवस्था प्रोग्राममध्येच करावी आणि महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून, फाइल बिघडलेली नाही हे तपासणारी ‘इंटिग्रिटी चेक’ ही आज्ञा चालवून, शेवटची पावती तिच्यात आहे का ते पाहावे.